मुरमान खाली राहिला

लाखारी गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, एक सपाट कुरण होतं. एरवी तिथे गावाची गुरं चरायची. त्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टर उतरायला लागलं तशी लोकांनी गुरं वरच्या माळावर हलवली आणि कुरणाच्या कडेला बायकांनी तीन मोठ्या चुली मांडल्या. खिंडीवरून जो कोणी खाली आणला जाईल त्याच्या हातात काहीतरी गरम पडावं म्हणून.

त्यातल्याच एका चुलीपाशी उभा राहून मुरमान जोजुआ मक्याची भाकरी आणि चीज खात होता. सकाळच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत डोंगरकड्यावरून कोणीतरी गोळ्या झाडल्या होत्या आणि हेलिकॉप्टरच्या शेपटीला तीन भोकं पडली होती. ती त्याने पत्र्याचे तुकडे आणि चिकटपट्टी लावून बुजवली होती. कॅप्टन ओटियाने विचारलं, उडेल का? मुरमान म्हणाला, उडेल, जरा शिट्टी वाजेल एवढंच.

मुरमान चौतीस वर्षांचा, आडव्या हाडाचा, पोट सुटलेला माणूस. अकरा वर्षं तो हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होता. हवेत असताना दोन्ही वैमानिकांच्या मधल्या पाटावर बसून काट्यांवर नजर ठेवायची आणि उतरायची वेळ आली की मागे जाऊन दार उघडायचं, पोटावर झोपून डोकं बाहेर काढायचं आणि जमीन सांगायची. चार मीटर. तीन. जरा डावीकडे, दगड आहे. दोन. एक. टेकलं. वैमानिकाला स्वतःच्या पोटाखालचं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते मेकॅनिकच्या आवाजातून. ओटिया त्याच्याबरोबर सहा वर्षं उडत होता. काटे बंद पडले तरी चालतील, म्हणायचा, पण हा जाड्या गप्प बसला तर मला माझ्या अंगणातसुद्धा उतरता यायचं नाही.

युद्धात सुखुमी शहर शत्रूच्या हाती पडून पंधरा दिवस झाले होते. शहर सोडून निघालेली माणसं डोंगर चढून अलीकडच्या स्वानेती खोऱ्यात उतरत होती. शहरी बूट, पातळ कोट, हातात जे आलं ते. खिंडीवर त्यांना वेळेआधीच पडलेल्या बर्फाने गाठलं होतं.

तिसरी फेरी दुपारी बाराला निघाली. खिंडीच्या माथ्यावर मेंढपाळांची एक दगडी खोपी होती आणि तिच्यासमोर जेमतेम हेलिकॉप्टर मावेल एवढी जागा. टेकायच्या आतच माणसं दाराला भिडली. मुरमान एकेकाची कॉलर, पट्टा, वेणी, जे हाताला लागेल ते धरून आत ओढत होता. चोवीस जणांच्या जागेत साठ झाले. दार लावायला गेला तर मशीन हातभर वर उठलं आणि पुन्हा खाली बसलं. वरची हवा पातळ. पात्यांना पकडायला काही नव्हतं.

कानात ओटियाचा आवाज आला की चारेक माणसं उतरव.

मुरमानने आधीच अवजारांची पेटी बाहेर फेकली होती. तेलाचे डबे, बाकडी, सगळं बर्फात पडलं होतं. त्याने समोर पाहिलं. एका बाईच्या कडेवर तान्हं मूल, तिचा एक पाय आत आणि एक बाहेर. तिच्या मागे तिची सासू. मुरमानने विचारलं, यातल्या कोणाला उतरवू ते तूच सांग.

"मग मी उतरतो," मुरमान म्हणाला. "माझ्या जागी दोन बाया मावतील."

"डोकं फिरलंय का तुझं? मला जमीन कोण सांगणार?"

"लाखारीच्या कुरणावर आंधळासुद्धा उतरवेल. परत येशील तेव्हा मी खालून हात दाखवतो. जा आता."

त्याने बोलण्याची वायर उपटली, बाळाच्या आईला आणि तिच्या सासूला वर चढवलं, आपलं कातडी जॅकेट काढून बाळाभोवती गुंडाळलं आणि खाली उडी मारून दार सरकवलं. मशीन थरथरत वर उठलं, कड्यापर्यंत घसपटत गेलं आणि दरीत पडल्यासारखं दिसेनासं झालं. चाळीस मिनिटांत येतो, असं ओटियाने वायर उपटण्याआधी सांगितलं होतं.

ज्यातून हे बोलणं कानात यायचं तो कातडी शिरटोप मात्र मुरमानच्या डोक्यावर तसाच राहिला. त्याची उपटलेली वायर छातीवर लोंबत होती.

धुकं दहा मिनिटांत आलं. ते वरून उतरलं नाही. दरीतून चढत आलं, दुधाच्या सायीसारखं हळूहळू, आणि खिंडीच्या काठाशी जरा थांबून अलगद अलीकडे सांडलं. मग खोपी दिसेना, कडा दिसेना, आपले पाय दिसेनात. उजेड मात्र होता. चहूकडून सारखाच येणारा, सावली नसलेला उजेड. त्यात आवाज लांबचे जवळ वाटत आणि जवळचे लांब. थोड्या वेळाने थंडीसुद्धा वाजेनाशी झाली आणि सगळं फार सोपं, फार शांत वाटायला लागलं. हे लक्षण चांगलं नाही, हे मुरमानला माहीत होतं.

खोपीत अकरा जण होते. त्यांना त्सियाला नावाच्या एका मास्तरीणबाईंनी जागं ठेवलं होतं. सुखुमीच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. भिंतीला टेकून बसलेल्या प्रत्येकाला त्या पाळीपाळीने नद्या विचारत होत्या. ही कुठे उगम पावते, कुठे मिळते, काठावर कोणतं गाव. कोणी उत्तर द्यायला उशीर केला की त्याच्या गालावर चापट बसत होती.

त्या मुरमानला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, खाली वाटेवर अजून माणसं बसलीत. बसलेला माणूस आपण होऊन उठत नाही."

खोपीच्या खिडकीशी गुगुली नावाची एक बाई बसली होती. तिचा नवरा बोंडो बसचा ड्रायव्हर. पाय सुजल्यामुळे मागे पडला होता. तू पुढे हो, मी येतोच, म्हणाला होता. ती खिडकीतून नजर काढत नव्हती, जरी खिडकीत पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

मुरमान वाटेने खाली उतरला. पन्नासेक पावलांवर त्याला एक तरुण बाई दिसली, शिलाई मशीनवर डोकं टेकून बसलेली. त्याने तिला हलवलं. तिने डोळे उघडले, पण दचकली नाही.

"मघाशी म्हणालात ना, बसून राहा, येताना नेतो," ती म्हणाली. "लवकर आलात."

मुरमानला वाटलं, थंडीने भ्रम झालाय. त्याने तिला पाठीवर घेतलं आणि वर आणून सोडलं. पुन्हा उतरला. या खेपेला एक म्हातारे सुतारकाका सापडले. त्यांच्या पायाला बांधलेल्या चिंध्यांवर बर्फ गोठलं होतं. मुरमानने नाव विचारलं. काका जरा कुरकुरले की किती वेळा सांगायचं, आत्ताच तर विचारून गेलास.

त्यांना घेऊन तो खोपीपाशी पोचला तेव्हा त्सियालाबाई दारात उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही या बाजूने कसे आलात? तो म्हणाला, इकडे एकच बाजू आहे.

"आत्ता तुम्ही इथे उभे होतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "म्हणालात, तयार राहा, हेलिकॉप्टर निघालंय. अंगात जॅकेट होतं."

मुरमान स्वेटरवर होता. तो म्हणाला, दुसरं कोणी असेल, धुक्यात माणूस ओळखू येत नाही. त्सियालाबाईंनी मान हलवली आणि आत जाऊन पुन्हा नद्या विचारायला लागल्या. त्यांचा आवाज मात्र पहिल्यासारखा राहिला नव्हता.

तिसऱ्यांदा खाली जाताना त्याला कानात गुणगुण ऐकू आली. शिरटोपातली वायर जोडलेली असली की येते तशी, बारीक, सलग. त्याने वायरचं टोक हातात घेऊन पाहिलं. मोकळंच होतं. पितळेवर बर्फाचे कण चिकटले होते. त्याने शिरटोप काढला, गुणगुण थांबली. पुन्हा घातला, सुरू झाली. अकरा वर्षं हेलिकॉप्टरच्या पंख्याखाली काढलेल्या माणसाचे कान काहीही ऐकतात, असं मनाशी म्हणत तो चालत राहिला. शिरटोप मात्र त्याने डोक्यावरच ठेवला. कान गार पडतायत म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं.

बोंडो वळणावर सापडला. एका दगडाला पाठ लावून, पाय पसरून, निवांत बसला होता. मुरमानपेक्षाही दांडगा माणूस, मिशांवर बर्फ. तो हसला.

"तू गुगुलीला पाहिलंस?"

"वर आहे. चल."

"माझा पाय गेला रे. तू ओढून बघ हवं तर."

मुरमानने काखेत हात घालून ओढलं. पाठीवर घ्यायला बघितलं. दोघंही बर्फात पडले. पट्ट्याला धरून दहा-बारा पावलं फरपटत नेलं आणि मुरमानच्या छातीत काहीतरी पिळवटल्यासारखं झालं. बोंडो त्याला धीर देत होता, जसा काही अडकून पडलेला मुरमानच होता. म्हणाला, उतारूंनी भरलेली बस ढकलायची म्हणजे चार जण लागतात, एकट्याचं काम नाही ते.

तेवढ्यात कानात आवाज आला. स्पष्ट, जवळ, ओटियाचा.

"मुरमान, जमीन सांग."

मुरमान गुडघ्यावर बसून राहिला. वर कुठेतरी, फार लांब, पंख्याची धडधड सुरू झाली होती.

"आलं का तुझं?" बोंडोने विचारलं. त्यालाही धडधड ऐकू येत होती. "मग जा की. तिला सांग, मी मागून येतोय."

मुरमानने त्याला सांगितलं की दोरी आणि दोन माणसं घेऊन आत्ता येतो, झोपू नकोस. मग तो धावला.

खोपीसमोरच्या मोकळ्या जागेत तो हात वर करून उभा राहिला. ते हात कोणाला दिसणार नव्हते. आवाज डोक्यावरून गेला, वळला, पुन्हा आला. एका बाजूला दगडी खोपी, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये ओटिया आंधळा.

"वीस मीटर," मुरमान म्हणाला. तोंडातल्या तोंडात, सवयीने. "खोपी उजव्या हाताला. अजून डावीकडे ये."

आवाज डावीकडे सरकला.

"पंधरा. असाच."

मग त्याला आपल्या छातीखाली दाराची कड जाणवली. रॉकेलचा ऊबदार वास आला. चेहऱ्यावर खालून येणारं वारं लागलं. धुकं पात्यांखाली फाटत होतं आणि त्या फटीतून खाली बर्फ दिसत होतं, खोपीचं छप्पर दिसत होतं, आणि स्वेटर घातलेला एक माणूस, हात वर करून उभा. फार दमलेला दिसत होता तो माणूस. मुरमानला त्याची कीव आली.

"चार," तो म्हणाला. "तीन. खाली माणूस आहे, जरा मागे. दोन."

"एक."

"टेकलं."

त्याने डोळे उघडले तेव्हा चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं.

चढवणं भराभर झालं. त्सियालाबाई शेवटी चढल्या. मुरमानने दारात लोंबणारी जास्तीची वायर शिरटोपाला जोडली आणि ओटियाला सांगितलं की खाली वळणावर एक माणूस आहे, पाच मिनिटं दे. ओटिया म्हणाला, उजवं इंजिन बर्फ गिळतंय, काटा बघ. मुरमान पुढे जाऊन बघून आला. तो काटा त्याला ओटियापेक्षा जास्त कळत होता. पाच मिनिटं नव्हती. एकसुद्धा नव्हतं.

गुगुलीने त्याची बाही धरली आणि विचारलं, माझा माणूस?

"मागून येतोय," मुरमान म्हणाला.

आणि त्याने दार लावलं.

लाखारीला उतरल्यावर उजवं इंजिन घरघरून बंद पडलं ते पडलंच. माणसं चुलींकडे गेली. ओटिया मात्र आपल्या जागेवरच बसून होता. मुरमानने त्याला विचारलं, एवढ्या धुक्यात आलास कसा?

ओटिया त्याच्याकडे न बघता म्हणाला, "थट्टा करू नकोस. तूच तर सांगत होतास."

मग त्याने सांगितलं. खिंडीवरून निघाल्यापासून मुरमानचा आवाज त्याच्या कानात होता. लाखारीच्या कुरणावर उतरताना मीटर मोजले ते मुरमानने. सहवैमानिकानेही ते ऐकलं होतं. ओटियाला वाटलं, जाड्या कसातरी मागच्या बाजूने लोंबकळत आलाय आणि शिव्या खाव्या लागतील म्हणून पुढे येत नाही. उतरलेल्या बायकाही म्हणत होत्या की कातडी जॅकेटातल्या एका जाड माणसाने हात धरून आपल्याला अलगद खाली ठेवलं. जॅकेट तेव्हा बाळाभोवती होतं, आणि बाळाची आई चुलीपाशी.

"मागे वळून बघायचं होतंस," मुरमान म्हणाला.

"नाही बघितलं," ओटिया म्हणाला. "येतानाही नाही, जातानाही नाही. का, ते विचारू नकोस."

त्या संध्याकाळपासून बर्फ सुरू झालं आणि चार दिवस पडत राहिलं. खिंड जूनपर्यंत बंद झाली. बंद पडलेलं हेलिकॉप्टर हिवाळाभर कुरणातच राहिलं. मुरमानच्या धाडसाची वार्ता राजधानीपर्यंत गेली. वरून एक अधिकारी येऊन त्याचं नाव शौर्यपदकासाठी लिहून घेऊन गेला. मुरमानने त्याला बोंडोचीही हकिकत सांगितली. अधिकाऱ्याने ती लिहून घेतली नाही.

वसंतात तो गुगुलीला भेटायला गेला. निर्वासितांना एका जुन्या आरोग्यधामात ठेवलं होतं. गुगुलीने त्याला चहा दिला, अक्रोड फोडून दिले. त्याने सगळं खरं सांगितलं. वळण, दगड, पट्ट्याला धरून ओढलं ते, काटा. मागून येतोय हे आपण खोटं बोललो, हेही.

ती बराच वेळ टरफलं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "पण तुम्ही गेलात ना त्याला आणायला? हेलिकॉप्टर वर उठलं तेव्हा मी बाहेर बघत होते. तुम्ही वाटेने खाली जात होतात."

"मी आत होतो. तुमच्याशेजारी."

"हो," ती म्हणाली. "तेही मला आठवतंय."

जूनमध्ये खिंड उघडली तेव्हा मुरमान मेंढपाळांबरोबर वर गेला. वाटेवर बर्फाखालून माणसं निघत होती. त्यांना ते एकेक करून खाली आणत होते. त्या वळणावरचा दगड मुरमानला लगेच सापडला. दगडापाशी कोणी नव्हतं. खाली दरीतही शोधलं, दोन दिवस शोधलं. बोंडो सापडला नाही.

परत आला तेव्हा कुरणात ओटिया त्याची वाट बघत होता. हेलिकॉप्टर मोडीत काढायचं ठरलं होतं आणि तंत्रज्ञांनी त्याच्या पोटातली आवाज नोंदवणारी पेटी काढली होती. कानातलं सगळं बोलणं बारीक तारेवर उतरवून ठेवणारी पेटी. त्या दिवसानंतर मशीन उडालंच नव्हतं, त्यामुळे तारेवर तो दिवस तसाच होता. ओटियाने ती एकदा ऐकली होती. तो म्हणाला, तू ऐकू नयेस असं मला वाटतं. पण तुझ्यापासून लपवायचीही मला हिंमत होत नाही.

दोघं आत रिकाम्या मशीनमध्ये बसले. ओटियाने पेटी सुरू केली.

मुरमानचा आवाज होता. शांत, रोजचा. चार. तीन. खाली माणूस आहे, जरा मागे. दोन. एक. टेकलं. मग गोंगाट, माणसांचे आवाज, ओटियाशी झालेलं बोलणं, गुगुलीचा प्रश्न, त्याचं उत्तर. दार लागल्याचा आवाज.

त्यानंतर, तितक्याच शांतपणे, त्याचाच आवाज म्हणाला, "निघ आता. मुरमान खाली राहिला."

मुरमानने ओटियाकडे पाहिलं. ओटियाने बोट ओठावर ठेवलं.

तारेवर पंख्याची धडधड वाढली आणि मग कमी व्हायला लागली. लांब जात राहिली. पेटी त्याच हेलिकॉप्टरच्या पोटात होती. तरीही तिच्यावर ते हेलिकॉप्टर लांब गेलं, दरीपलीकडे गेलं आणि ऐकू येईनासं झालं. राहिला फक्त वारा.

मग बर्फात चालणारी पावलं. कोणीतरी उतारावरून खाली जात होतं. पावलं थांबली. बराच वेळ काही नव्हतं. जड काहीतरी पाठीवर घेताना माणूस करतो तसा एक कण्हण्याचा आवाज आला, आणि पावलं परत फिरली. आता ती खोल रुतत होती. मध्ये मध्ये थांबत, दम घेत, ती वर येत राहिली, जवळ, अगदी जवळ.

मग हेलिकॉप्टरच्या दारावर बाहेरून दोन थापा पडल्या. तार तिथे संपली.